संप्रेरक असंतुलन, स्त्रियांमधील

अंतःस्रावी ग्रंथी जे द्रव्य थेट रक्तात सोडतात आणि जे दूरच्या अवयवाला काम सांगते, ते म्हणजे संप्रेरक. रोजच्या बोलण्यात हॉर्मोन. लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये हा शब्द वापरात आणला. एखादे संप्रेरक गरजेपेक्षा कमी किंवा जास्त झाले, अथवा त्याचा निरोप पेशींनी मानला नाही, की संप्रेरक असंतुलन होते. हे रोगाचे नाव नाही. 'हॉर्मोन्स बिघडलेत' असे बाईला सांगणे म्हणजे 'अंगात ताप आहे' असे सांगण्यासारखे आहे. ताप कशाचा, हे शोधायचे राहतेच. कोणते संप्रेरक, कोणती ग्रंथी आणि कारण काय, या तिन्हींची उत्तरे मिळाली तरच निदान झाले असे समजावे.

स्त्रीच्या शरीरात चढउतार हा बिघाड नसून नियम आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला चालना देते. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात एस्ट्रोजन वाढते आणि गर्भाशयाचे अस्तर जाड होते. अंडे सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन ते अस्तर सांभाळते, आणि दोन्ही उतरली की रक्तस्राव होतो. प्रौढ स्त्रीत हे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असू शकते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीत, बाळंतपणानंतर आणि चाळिशीच्या पुढे ते अनियमित होणे बहुधा स्वाभाविक असते. मात्र पाळी तीन-तीन महिने येत नसेल, दर तासाला पॅड बदलावा लागेल इतका स्राव होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा अंगावर पाजत नसताना स्तनांतून दूध येत असेल, तर थांबू नये.

फार मोठ्या प्रमाणावर आढळणारा आणि उपचाराला चांगली दाद देणारा बिघाड थायरॉईडचा आहे. बंगळूर, मुंबई, गोवा धरून देशातील आठ ठिकाणी झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉईडची कमतरता दिसली, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती बरीच अधिक होती. थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, केस गळणे, अंगावरून जास्त जाणे ही तिची लक्षणे. घरकाम आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बाईचा थकवा कुणाला वेगळा वाटत नाही, म्हणून ही कमतरता वर्षानुवर्षे तशीच राहते. थायरॉईडची गोळी साधी आणि स्वस्त आहे, पण वेळ पाळावी लागते. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने, लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. सकाळच्या फिल्टर कॉफीबरोबर गिळलेली गोळी पुरती शोषली जात नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

दुसरा मोठा गट पीसीओएसचा (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), म्हणजे लोक ज्याला पीसीओडी म्हणतात त्याचा. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने शहरातील तरुण मुलींची पाहणी केली. तिच्यात 'रॉटरडॅम' नावाच्या निकषाने २२.५ टक्के, तर दुसऱ्या, कडक निकषाने १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला. मुली त्याच, आकडा जवळजवळ निम्मा. म्हणून 'पाचातल्या एकीला पीसीओडी' हे वाक्य वाचताना निकष कोणता ते विचारावे. सोनोग्राफीच्या अहवालातल्या 'गाठी' या वाढ अर्धवट थांबलेल्या अंड्यांच्या पिशव्या असतात. त्या कापून काढायच्या नसतात. मूळ बहुतेकींत इन्सुलिनच्या प्रतिरोधात असते. रक्तात वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते आणि त्यांना बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन कमी करते. मानेमागचा काळपट, मखमली पट्टा ही त्याची खूण. कित्येक घरांत आई ती मान उटण्याने घासत बसते आणि मुलगी बोलणी खाते. मळ मात्र तिथे नसतोच. अंडे सुटत नसल्याने प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, अस्तर वाढत राहते आणि पुढे गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून मूल नको असले तरी उपचार लागतो. मधुमेह आणि उदासीनता यांचाही शोध घ्यावा. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते.

डॉक्टरांना न विचारता तपासण्या करत सुटणे हे एक टोक. बंगळूरच्या पूर्वेला, बाह्य वळण रस्ता आणि जुना विमानतळ रस्ता मिळतात तिथे मारतहळ्ळी आहे. आयटी कंपन्यांच्या या पट्ट्यात महाराष्ट्रातून आलेल्या मुलीही पीजीमध्ये राहून नोकरी करतात. परदेशी वेळेप्रमाणे काम, तुटक झोप, रात्री अकराचे जेवण. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांत पाळी अनियमित होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे संशोधन सांगते. पाळी लांबली की मोबाइलवरून 'फीमेल हॉर्मोन प्रोफाइल' मागवता येते, आणि फसगत इथेच होते. एफएसएच आणि एलएच ही पीयूषिकेची संप्रेरके पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तर प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी तपासायचे असते. कुठल्याही दिवशी काढलेल्या रक्तावरून त्यांचा अर्थ लागत नाही. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळीने काही यंत्रांवर थायरॉईडचा अहवाल खोटा येतो. ती निदान दोन दिवस आधी बंद करावी. पित्तासाठी घेतलेल्या डॉम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक, खरोखरच वाढते, आणि मग मेंदूच्या एमआरआयपर्यंत धाव जाते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर अंडाशयाच्या संप्रेरकांची तपासणी निरर्थक ठरते. चालू औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवली तर यातला बराच खर्च आणि घोर वाचतो.

तपासणीच न करता अवयव काढून टाकणे हे दुसरे टोक, आणि ते बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली, आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडात ना संडास, ना पाळीत बसायला जागा. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जास्त स्राव यांवर 'पिशवी काढून टाक' हाच सल्ला बायकांना मिळत गेला. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येकींची चाळिशीही उलटली नव्हती. वर सांगितलेल्या बहुतेक तक्रारींवर जंतुसंसर्गाची औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे साधन हे उपाय आधी करून पाहता येतात. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी कायमची जाते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर तीच अवस्था एका रात्रीत येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, योनी कोरडी पडते, हाडे झपाट्याने विरळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय राखले तरी ते काही वर्षे आधी थकू शकतात. अंडाशय गेलेल्या तरुण स्त्रीला, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या यांसारखी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत एस्ट्रोजन देणे हा सर्वमान्य उपचार आहे. त्यासाठी अंडाशय काढले की ठेवले, हे तिला ठाऊक असायला हवे. 'पिशवी काढली' एवढ्यावरून ते कळत नाही. शस्त्रक्रियेचा कागद आणि पॅथॉलॉजीचा अहवाल यांत ते लिहिलेले असते, म्हणून हे दोन्ही कागद मागून घ्यावेत आणि आधारकार्डासारखे जपून ठेवावेत.