बडोद्याचे विद्यापीठ : पोथीपासून पोषणापर्यंत

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली. वाटण्या होण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्याने देवघराची व्यवस्था लावून ठेवावी, तसा हा प्रकार होता. पुढे १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि बडोदे गुजरातेत गेले. म्हणजे अकरा वर्षांत या नगरीने तीन राजवटी पाहिल्या. आम्हा बेळगावकडच्या मंडळींना यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबई, म्हैसूर, कर्नाटक ही नावे आमच्याही शाळांच्या दाखल्यांवर एकामागून एक उमटली आहेत. प्रश्न एवढाच, की राज्ये बदलत असता विद्यापीठाने आपले काम कसे चालू ठेवले, आणि ते काम नेमके काय होते?

बडोद्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक सयाजीरावांपाशी येऊन थांबते. सक्तीचे शिक्षण, वाचनालये, विद्वानांना आश्रय हे सारे खरेच. पण विद्यापीठाची हकीकत महाराजांच्या मागे झाकली गेली. वास्तविक १८८१ सालचे बडोदे कॉलेज विद्यापीठ होईपर्यंत मुंबईलाच जोडलेले होते. स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' हे शब्द घालायला लावले ते याच बाईंनी.

पायाचा दगड मात्र पोथ्यांचा. पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखितांचा शोध चिमणलाल दलाल यांनी घेतला आणि १९१६ साली राजशेखराची 'काव्यमीमांसा' हा गायकवाड प्राच्यविद्यामालेचा पहिला ग्रंथ निघाला. १९२७ साली प्राच्यविद्यामंदिर उभे राहिले व पुढे ते विद्यापीठाकडे आले. अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचे 'नाट्यशास्त्र' रामकृष्ण कवींनी या मालेत काढावयास घेतले, तेव्हा साल १९२६ होते. चौथा खंड बाहेर पडला १९६४ साली. संस्थानात सुरू झालेले काम गुजरात राज्यात पुरे झाले!

याच मालेतला एक ग्रंथ आपल्या भागातील वाचकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा असा आहे : 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ च्या आगेमागे, हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. राज्य कसे मिळवावे येथपासून हत्ती, घोडे, रत्ने, चित्रकला, गायन, खेळ, स्वयंपाक येथपर्यंत सारे काही. राजाच्या भोजनाच्या प्रकरणात उडदाची 'इड्डरिका' आहे, तशी 'मंडक' ही आहे. बेळगावच्या लग्नघरी मांडे खाणाऱ्यांना मंडक म्हणजे काय हे सांगावे लागू नये. गायनाच्या प्रकरणात राजाने निरनिराळ्या देशभाषांतील गीतांचे नमुने दिले, त्यांत मराठीही आहे. म्हणूनच मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना या ग्रंथाचे नाव घ्यावे लागते. कानडी मुलुखातला राजा, संस्कृत ग्रंथ, त्यात मराठी गीत, संपादक जी. के. श्रीगोंडेकर, आणि छापला कोठे, तर गुजरातेतल्या बडोद्यात! पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली, तिसरा १९६१ साली. सोमेश्वराचे राज्य कोणाचे, यावर आज आपण हवा तेवढा वाद घालू. त्याचा ग्रंथ शुद्ध स्वरूपात हाती असावा यासाठी छत्तीस वर्षे कोणी तरी पाठभेद जुळवीत बसले होते, हे त्या वादात कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरे मोठे काम वाल्मीकिरामायणाच्या संशोधित आवृत्तीचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारत हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले, हे आपण जाणतो. रामायणाचे काम बडोद्याने १९५१ साली आरंभिले. नेपाळपासून केरळपर्यंतच्या पोथ्या मिळवायच्या. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतला एकेक श्लोक शेजारी शेजारी मांडायचा. उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा ताडून पाहायच्या. ज्याला पोथ्यांचा पुरेसा आधार आहे तेवढे संहितेत ठेवायचे आणि उरलेले तळटीपांत किंवा परिशिष्टांत द्यायचे. टाकून काहीच द्यायचे नाही, ही यातली खरी शिस्त. इ. स. १०२० ची नेपाळी ताडपत्राची पोथीही यात वापरली गेली. मुख्य संपादक आधी जी. एच. भट्ट, पुढे उमाकांत शाह. बालकांड १९६० साली निघाले, उत्तरकांड १९७५ साली. अयोध्याकांड आणि युद्धकांड संपादिले ते आपल्या प. ल. वैद्यांनी, युद्धकांड १९७१ साली प्रसिद्ध झाले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. महाभारताचे कर्णपर्वही त्यांचेच. एका माणसाच्या हातून दोन्ही महाकाव्यांची सेवा व्हावी, हा योग थोडाथोडका नव्हे.

लक्ष्मणरेषेची गोष्ट या संहितेत नाही, असे सांगितले की अजूनही लोक दचकतात. परंतु ती कथा कोणी कोठून आणली हे शोधायचे, तर आधी मूळ कोठे संपते ते ठरावे लागते. अमेरिकेत प्रिन्स्टनहून १९८४ ते २०१७ या काळात जो सातही कांडांचा इंग्रजी अनुवाद सटीप निघाला, त्याने आधार घेतला तो बडोद्याच्या संहितेचाच.

ही झाली पोथ्यांची बाजू. जिवंत माणसांकडे पाहण्याचे काम समाजशास्त्र विभागाने केले. १९५१ साली म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास तेथे आले आणि १९५९ पर्यंत राहिले. 'संस्कृतीकरण' हा त्यांचा शब्द आज वर्तमानपत्रांतही दिसतो. गावात संख्येने, जमिनीने व वजनाने जी जात भारी असते तिला त्यांनी 'प्रभावी जात' म्हटले. म्हैसूरकडील एका खेड्यावरचा त्यांचा तो निबंध १९५९ चा. सीमाभागातील कोणत्याही पंचायतीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला हा सिद्धांत वेगळा शिकवायला नको. त्यांचे सहकारी आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा गावातल्या कुटुंबांची पाहणी केली; १९६४ साली तिचे पुस्तक झाले. एकत्र कुटुंब मोडले असे आपण चुलींची संख्या मोजून म्हणतो. देसाईंनी विचारले की मिळकत कोणाच्या नावे, लग्नकार्यात व आजारपणात खर्च कोण उचलतो, आणि सल्ला कोणाचा घेतात? तेव्हा दिसून आले की चुली वेगळ्या झालेली पुष्कळ घरे आतून एकत्रच आहेत. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा हुबळीला आणि शेत सामाईक, अशी घरे आपल्या ओळखीत काही कमी नाहीत.

जीवरसायनशास्त्र विभाग १९५५ साली सी. व्ही. रामकृष्णन यांनी उभारला. त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी यांनी पोषणावर काम केले : गरिबाच्या घरी जे धान्य, कडधान्य, पालेभाजी मिळते त्यातूनच मुलाची वाढ नीट कशी होईल. माझ्या मते विद्यापीठात झालेल्या संशोधनातले हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी काम. यांचे चिरंजीव वेंकटरामन १९७१ साली याच विद्यापीठातून पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले आणि २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी मुलाचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. आईच्या खिचडी-भाकरीच्या हिशेबाची आठवण किती जणांना झाली असेल?

ललित कला विभागाविषयी थोडक्यात एवढेच, की इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे १९५० पासून सोळा वर्षे शिकविले, आणि तेथेच शिकून तेथेच अध्यापन केलेल्या ज्योती भट्टांनी खेड्यापाड्यांतील भिंतींवरची व अंगणांतली चित्रे कॅमेऱ्याने टिपून ठेवली. पुढच्या सणाला सारवण झाले की ती चित्रे पुसली जातात, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

पुसल्या जाणाऱ्या गोष्टींचा विषय निघाला म्हणून शेवटी पुरातत्त्व. १९५० साली बी. सुब्बराव यांनी हा विभाग सुरू केला. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांकलियांचे विद्यार्थी होते. बळ्ळारीच्या अश्मयुगावर त्यांनी आधी काम केले होते. नर्मदाकाठी अहिल्याबाईंच्या महेश्वरला आणि पैलतीरी नावडातोडीला १९५२-५३ साली जे उत्खनन झाले, ते पुणे आणि बडोदे यांनी मिळून केलेले. भारताचे काही प्रदेश सतत माणसांना ओढून घेत आले, काही आडबाजूला राहिले आणि काही निमआडबाजूला, असा विचार सुब्बरावांनी १९५६ च्या आपल्या पुस्तकात मांडला. भूगोलाचा इतिहासाशी असा मेळ घालणारे त्या काळी थोडे होते.

या विभागाचे रमणलाल मेहता आणि एस. एन. चौधरी १९६० ते १९६३ या काळात शामळाजीजवळ देवनी मोरी येथे खणत होते. मेश्वो नदीवर धरण होणार होते, म्हणून घाई होती. विटांचा मोठा स्तूप, विहार, भाजक्या मातीच्या सुंदर बुद्धमूर्ती, आणि कोरीव लेख असलेला दगडी करंडक मिळाला. त्या लेखात कथिक राजांच्या १२७ व्या वर्षाचा उल्लेख आहे. ते वर्ष कोणत्या शकातले, यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. करंडक विद्यापीठाने जपून ठेवला आणि उत्खननाचा अहवाल १९६६ साली छापून काढला. स्तूपाची जागा मेश्वोच्या पाण्याखाली गेली.