कॅश ड्राइव्ह: घ्यावा की न घ्यावा?

या विकांताचा विषय आमच्या घरातल्या मीडिया सर्व्हरने दिलाय. सर्व्हर म्हणजे काय, तर एक जुना डेस्कटॉप, त्यात चार हार्ड डिस्क आणि हॉलमधल्या टीव्हीपर्यंत ओढलेली नेटवर्कची केबल. तीन डिस्कवर सिनेमे, फोटो, घरचे व्हिडिओ. चौथी पॅरिटीची, म्हणजे तिघींपैकी एक गेली तर तिच्यावरचा माल उरलेल्या डिस्कवरून परत काढता यावा म्हणून. दोन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. मग ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "अरे, कॅश ड्राइव्ह नाही? मग कसला सर्व्हर!"

झालं, किडा डोक्यात शिरला. जुन्या लॅपटॉपमधला एसएसडी काढला आणि बसवला. तीन महिन्यांनी तो एसएसडी एका शुक्रवारी अचानक मेला आणि जाताना आजीचा आवाज घेऊन गेला. ते कसं, ते पुढे येईलच. पण त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कॅश ही भानगड मुळात कोणाला आणि कशासाठी सुचली ते वाचून काढलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच पडलेलं होतं.

१९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी एक छोटासा, जेमतेम दोन पानांचा निबंध प्रसिद्ध केला. अडचण साधी होती. वेगवान मेमरी महाग, स्वस्त मेमरी संथ. विल्क्स म्हणाले, दहा लाख शब्दांच्या संथ मेमरीपुढे समजा ३२ हजार शब्दांची वेगवान मेमरी ठेवली आणि नुकतंच लागलेलं तेवढं तिच्यात राहू दिलं, तर एकूण वेग वेगवान मेमरीच्या जवळपास पोचेल. या मेमरीला त्यांनी नाव दिलं होतं 'स्लेव्ह'.

आपल्या स्वयंपाकघरात हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. हळद-तिखटाचे मोठे डबे माळ्यावर आणि ओट्याशी मिसळणाचा डबा. फोडणीच्या वेळी कोणी स्टूल घेऊन माळ्यावर चढत नाही. पण हे जमतं का? कारण मोहरी रोज लागते. प्रोग्रॅमचंही तसंच. तो लूपमध्ये फिरतो, त्याच त्याच सूचना आणि तेच आकडे परत परत मागतो. मिसळणाचा डबा चालतो तो पुनरावृत्तीवर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९६८ मध्ये आयबीएमने ही कल्पना सिस्टिम/३६० च्या मॉडेल ८५ मध्ये विकायला आणली. त्यात १६ किंवा ३२ किलोबाइटचा वेगवान बफर होता. हो, किलोबाइटच! आज व्हॉट्सॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही त्यात मावणार नाही. त्याच वर्षी आयबीएमच्या जर्नलमध्ये याबद्दल लेख यायचा होता. 'हाय-स्पीड बफर' हे नाव संपादक लाइल जॉन्सन यांना फारच मचूळ वाटलं. त्यांनी लेखकांकडे दुसरं नाव मागितलं, ते आलं नाही, मग स्वतःच सुचवलं: कॅश. फ्रेंच भाषेत 'लपवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला शब्द. प्रोग्रॅमरला ती दिसत नाही, म्हणून लपवलेली. मॉडेल ८५ मध्ये एक शहाणपणाची गोष्ट होती. लिहायचं ते दरवेळी लगेच मुख्य मेमरीतही लिहिलं जायचं. कॅशमध्ये असायची ती फक्त प्रत.

आता छोट्या डब्यात ठेवायचं काय आणि काढायचं काय? १९६६ मध्ये आयबीएमच्याच बेलाडी यांनी सर्वोत्तम पद्धत सांगितली: जे सर्वात उशिरा लागणार आहे ते काढा. अप्रतिम! फक्त त्यासाठी भविष्य माहीत हवं. ज्योतिषी परवडत नसल्यामुळे बाकी सगळे भूतकाळावरून अंदाज बांधतात. नुकतंच लागलं, म्हणजे परत लागेल.

आणि पैशाचं काय? ते गणित १९८७ मध्ये जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी मांडलं. तेव्हा डिस्ककडून दर सेकंदाला एक वाचन करून घेण्याची क्षमता साधारण २००० डॉलरला पडायची आणि एक किलोबाइट मेमरी ५ डॉलरला. २००० भागिले ५ म्हणजे ४००. म्हणजे एखादी किलोबाइटभर नोंद ४०० सेकंदांच्या आत परत लागणार असेल तर ती मेमरीत ठेवणं स्वस्त, नाहीतर डिस्कवरच बरी. याला नाव पडलं 'पाच मिनिटांचा नियम'. आकडे तेव्हापासून पार बदलले, पण प्रश्न तोच राहिला: हे परत कधी लागणार?

हा प्रश्न मी माझ्या सिनेमांना विचारला. 'अशी ही बनवाबनवी' आमच्याकडे वर्षातून एकदा लागतो, आणि तोच सर्वात जास्त वेळा पाहिलेला. म्हणजे पाच मिनिटांच्या नियमासमोर वर्षाचा हिशोब! शिवाय सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचला जातो, मागे वळून कोणी पाहत नाही. कॅशच्या दृष्टीने हा सर्वात वाईट पाहुणा. एकदाच येतो आणि सगळा डबा भरून टाकतो. २००३ मध्ये आयबीएमच्या निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा (हे आपल्या पवईच्या आयआयटीचे) यांनी 'एआरसी' ही पद्धत मांडली ती अशा पाहुण्यांचा विचार करूनच. एकदाच दिसलेल्या गोष्टींची यादी वेगळी, पुन्हा दिसलेल्यांची वेगळी, आणि एकदाच येणाऱ्यांनी नेहमीच्यांची जागा बळकावायची नाही. झेडएफएसने हीच पद्धत उचलली. २००८ च्या सुमारास तिथे एसएसडीवरची दुसरी कॅश आली, तेव्हा सरळ रेषेत आगाऊ वाचलेला माल तिच्यात घ्यायचा नाही, हीच मूळ सेटिंग ठेवली गेली. थोडक्यात, कॅश ड्राइव्ह बनवणाऱ्यांनीच सिनेमाला दारात अडवलंय.

आणि गरज तरी कुठे आहे? फोर-के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेग १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १६ मेगाबाइट. साधी हार्ड डिस्क सरळ वाचनात सेकंदाला शंभराच्या वर मेगाबाइट आरामात देते. पोस्टर, थंबनेल आणि लायब्ररीचा डेटाबेस मात्र परत परत वाचले जातात. ते एसएसडीवर जरूर ठेवा. बाकी लिनक्स मोकळी रॅम आपणहून कॅश म्हणून वापरतच असतो.

मग कॅश ड्राइव्ह विकला जातो कशावर? लिहिण्यावर. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातच ही गोम आहे. पॅरिटी सांभाळायची तर एक छोटा तुकडा लिहायला चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचलेल्या जागीच लिहायचं तर ती जागा फिरून परत येईपर्यंत थांबा. म्हणून माझ्या सर्व्हरवर फाइल टाकताना वेग पार झोपायचा. कॅश ड्राइव्ह इथे खरंच मदत करतो. फाइल आधी एसएसडीवर पडते आणि सवडीने पॅरिटीवाल्या डिस्कवर सरकते.

'सवडीने'. सगळी मेख या शब्दात. दिवाळीत गावाहून आजीच्या ओव्यांच्या चार कॅसेट आणल्या होत्या, काकांनी नव्वदीच्या दशकात भरलेल्या. दोन रात्री जागून डिजिटल केल्या, सर्व्हरवर टाकल्या आणि लॅपटॉपवरच्या प्रती उडवल्या. सर्व्हरवर आहेत ना! पॅरिटी आहे ना! पण रात्री डिस्कची खरखर नको म्हणून माल सरकवायचं काम मी रविवारवर ठेवलं होतं. एसएसडी शुक्रवारी गेला. मॉडेल ८५ च्या कॅशमध्ये फक्त प्रत असायची, माझ्या कॅशमध्ये एकुलती एक मूळ फाइल होती आणि पॅरिटीला तिचा पत्ताही नव्हता.

तीन कॅसेट पुन्हा भरल्या. चौथीची फीत दुसऱ्यांदा वाजवताना तुटली, चिकटवूनही मधला भाग आलाच नाही. बाबा काही बोलले नाहीत. "तिचा आवाज आहे ना बाकीच्यांत," एवढंच म्हणाले.

तर माझा निकाल असा. फक्त सिनेमे पाहायचे असतील तर कॅश ड्राइव्ह नको, तेच पैसे मोठ्या डिस्कला घाला. रोज भरपूर लिहायचं असेल तर घ्या, पण एक नाही, आरशासारखे दोन, आणि माल रोज रात्री सरकवा. आणि जे परत मिळणार नाही ते कॅशमधून जाऊच देऊ नका, सरळ डिस्कवर लिहा. वेळ लागला तर लागू दे. त्याची आणखी एक प्रत घराबाहेर ठेवा, कारण पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे.

मी सध्या कॅश ड्राइव्ह काढून टाकलाय. फाइल सावकाश जाते. तोवर चहा होतो.