वऱ्हाडातील युवक आणि पशुप्रदर्शन : लाभाचा प्रश्न (बाळापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना : १७५७ मध्ये पूर्ण झालेल्या किल्ल्यामुळे बाळापूर इतिहासात प्रसिद्ध असले, तरी या परिसराचे जीवन शेती व पशुधन यांवरच उभे राहिले आहे.

विवेचन : अमेरिकेतील ओहायो राज्यात १९०२ मध्ये निघालेल्या मुलांच्या कृषिमंडळातून 'फोर-एच' चळवळ वाढली. तेथे मूल वासरू पोसते, खर्च नोंदवते व प्रदर्शनानंतर ते लिलावात विकते. वऱ्हाडात पोळ्याला बैलजोड्या सजतात, तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात. येथे मान मिळतो, हिशेब होत नाही. शिवाय २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी असल्याने अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. अल्प भांडवलाच्या युवकास बेरारी शेळी अधिक सोयीची ठरते. तिचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचाच असतो.

निष्कर्ष : बक्षीस मोजक्यांनाच मिळते, म्हणून केवळ त्यावर विसंबलेला उपक्रम बहुतेकांना तोट्याचाच ठरणार. पैदास व विक्री यांची जोड मिळाल्यास तो किफायतशीर होऊ शकतो. मात्र चाऱ्याबरोबर स्वतःच्या श्रमाचेही मोल वहीत मांडण्याची सवय, हाच त्याचा चिरस्थायी लाभ होय. कारण शेतकरी कुटुंबात हेच मोल आजवर बिनहिशेबी राहिले आहे.