वांगं, ससे आणि कोलेस्टेरॉल : एका दाव्याचा इतिहास

"रोज सकाळी वांग्याचा रस प्या, कोलेस्टेरॉल उतरेल." हा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. आमच्या फलटणकडे तो फिरतो तेव्हा गंमत वाटते. कारण इथल्या कितीतरी घरांत वांगं 'वातूळ' म्हणून चातुर्मासात बंद असतं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पुन्हा सुरू होतं. एकाच भाजीबद्दल इतकी टोकाची मतं! तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर हा दावा आला कुठून ते बघू.

वांगं आपल्याकडे फार जुनं. हरियाणातल्या फरमाणा इथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. तिथल्या हडप्पाकालीन अवशेषांवर आलं, हळद आणि वांग्याच्या स्टार्चचे कण सापडले. युरोपात मात्र वांग्याकडे बराच काळ संशयानं पाहिलं गेलं. इटालियन 'मेलान्झाना' या नावाची फोड लोकांनी 'माला इन्साना', म्हणजे वेड लावणारं फळ, अशी केली. थोडक्यात, जुनं आहे म्हणून औषधी ठरत नाही आणि बदनाम आहे म्हणून विषारीही ठरत नाही. तपासावंच लागतं.

तपासणीची गोष्ट अशी. वांग्याच्या जांभळ्या सालीतल्या रंगद्रव्याला 'नासुनिन' म्हणतात. जपानीत 'नासू' म्हणजे वांगं. २००० साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या ऊतीवर प्रयोग करून नासुनिनचा अँटिऑक्सिडंट गुण दाखवला. पण हे सगळं परीक्षानळीत, बरं का!

कोलेस्टेरॉलचा धागा ब्राझीलमध्ये सापडतो. तिथं हा रस लोकांमध्ये आधीपासूनच प्रिय होता. १९९८ साली सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार आणि वांग्याचा रस दिला, तर त्यांचं कोलेस्टेरॉल कमी दिसलं. २००० साली माणसांवर प्रयोग झाला. परिणाम दिसला, पण किरकोळ आणि तात्पुरता. २००४ साली दुसऱ्या गटानं वांग्याच्या अर्काची तुलना थेट लोव्हास्टॅटिन या औषधाशी केली. औषधानं कोलेस्टेरॉल उतरलं, वांग्यानं नाही.

आपला मेसेज मात्र अजून सशांपाशीच थांबलाय. आणि तो वाचून एखाद्यानं डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केली, तर त्याची किंमत त्याच्या हृदयाला मोजावी लागते.

मग वांगं खायचं की नाही? खायचंच. १०० ग्रॅम कच्च्या वांग्यात साधारण ९२ ग्रॅम पाणी, ३ ग्रॅम तंतू आणि फक्त २५ कॅलरी असतात. पण त्याचा गर स्पंजासारखा असतो. तळलं की तेल पितं आणि कॅलरीचा हिशेब बदलतो. म्हणून निखाऱ्यावर भाजलेलं भरीत उत्तम, वर तेल बेतानं घातलं तर.

पुढच्या वेळी 'संशोधनातून सिद्ध' असं वाचलं, की तीन प्रश्न विचारा. प्रयोग कशावर झाला : परीक्षानळीत, प्राण्यावर की माणसावर? तुलना कशाशी केली? आणि नंतर दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला, तेव्हा काय निघालं? साहित्याचा आढावा लिहिताना तिसरा प्रश्न सर्वात जास्त वेळा सुटतो. तुमच्या विषयातला एखादा लाडका दावा घ्या आणि आजच त्याचा असा माग काढून बघा.