‘वाघ किती?’ : इनामाच्या नोंदींपासून उसातल्या पिंजऱ्यापर्यंत

मंडळी, महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. इथं १२ डिसेंबर १९३० ही तारीख शाळेतलं पोरगंही सांगेल. त्याच १९३० साली अमेरिकेत फ्रेडरिक लिंकन नावाच्या माणसानं रानबदकं मोजायची एक युक्ती छापली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मला आज त्या बदकांपासून तुमच्या उसापर्यंत यायचं आहे, म्हणून साल ध्यानात ठेवा.

मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी मला अडवलं. म्हणाले, "बाकीचं राहू द्या, आपल्याकडं वाघ किती तेवढं सांगा." त्यांचा वाघ म्हणजे बिबट्या. आपल्याकडं दोघांनाही वाघच म्हणतात, पट्टेवाला वेगळा दाखवायचा असेल तर ढाण्या म्हणायचं. मोजणीतली पहिली अडचण ही अशी शब्दातच असते.

इंग्रजांच्या काळात जिवंत जनावरं कुणी मोजत नव्हतं, मेलेली मोजत होते. कातडं कचेरीत आणून दाखवा, इनाम घेऊन जा. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या सरकारी नोंदी एकत्र केल्या. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेल्याचा हिशोब त्यातून निघतो. हे फक्त नोंदलेले. जखमी होऊन रानात मेलेला, विष घालून मारलेला पण कचेरीत न आणलेला, तो या आकड्यात नाही.

आता यावरून जिवंत किती होते हे सांगता येईल का? ई. पी. जी या निसर्गप्रेमी लेखकानं नंतर अंदाज केला की १९०० च्या सुमारास देशात ४०,००० वाघ असावेत. हा आकडा पुढं इतक्या वेळा छापला गेला की लोक त्याला शिरगणतीच समजायला लागले. जरा पडताळून बघू. ८०,००० भागिले ५० म्हणजे वर्षाला १,६००. चाळीस हजारांतले सोळाशे म्हणजे शंभरात चार. वाघिणीची वीण बघता एवढं नुकसान भरून निघू शकतं, म्हणजे आकडा अशक्य नाही. पण तो खरा आहे असंही यातून ठरत नाही. ६०,००० धरले तरी गणित जुळतंच. अशक्य नसणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. सरकारी आकड्यांपुढं आपण ही गल्लत फार करतो, असं माझं मत आहे.

शिवाय एखाद्या वर्षी कातडी जास्त आली तर जनावरं वाढली म्हणायची, इनाम वाढलं म्हणायचं, की शिकारी वाढले म्हणायचं? नुसत्या कातड्यांवरून काहीच कळत नाही. कष्ट किती घातले ते लिहिलेलं पाहिजे.

इथं लिंकन येतो. त्यानं बदकांच्या पायात कडी घातली आणि शिकाऱ्यांना सांगितलं, मारलेल्या बदकाच्या पायात कडं दिसलं तर कळवा. हिशोब घरात करून बघा. पोत्यातले २० हरभरे काढा, कुंकू लावून परत टाका, चांगलं हलवा. मग मूठभर काढा. मुठीत १५ आले आणि त्यातले ५ लाल, म्हणजे तिसरा हिस्सा लाल. लाल एकूण २०, तर पोत्यात साधारण ६०. डेन्मार्कच्या पीटरसननं माशांवर हाच विचार आधी केला होता.

आपल्या देशात मात्र वाघ बराच काळ पायाच्या ठशांवरून मोजले. १९७२ साली असे १,८२७ भरले. पुढं २००४-०५ मध्ये सरिस्काचे वाघ संपल्याचं उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. कर्नाटकात उल्हास कारंथ यांनी त्याआधीच कॅमेरे लावून हरभऱ्याचा हिशोब वाघांना लावला होता. वाघाला कुंकू लावायची गरज नाही, पट्टे हीच खूण. बिबट्याचे ठिपके तसेच. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारी अकोले तालुक्यात, शेतीच्या भागात, असे कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले. जंगलात नव्हे हो, वस्तीला लागून. आता कुणी लगेच जुन्नर-आंबेगावचं क्षेत्रफळ काढून गुणाकार करेल. करू नका. तो आकडा त्या खोऱ्याचा.

आता पिंजरा. "यंदा एवढे धरले, म्हणजे तेवढे कमी झाले," असं आपण सहज म्हणतो. या विचारालाही शास्त्र आहे. १९३९ साली लेस्ली आणि डेव्हिस यांनी आफ्रिकेतल्या फ्रीटाऊन शहरात उंदीर धरून हिशोब मांडला. समजा पहिल्या दिवशी २० उंदीर सापडले, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच सापळ्यांत १६. वीस गेल्यामुळं आवक पाचव्या हिश्श्यानं घटली, म्हणजे सुरुवातीला १०० असावेत. पण अट एकच, बाहेरून नवा उंदीर यायला नको.

बिबट्याच्या बाबतीत ही अटच मोडते. मोठा नर धरून नेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. आणि नेऊन सोडलेला तरी कुठं स्वस्थ बसतो? जुन्नर वन विभागात २९ बिबटे धरून सरासरी ४० किलोमीटरवरच्या रानात सोडले, त्याचा अभ्यास झाला आहे. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, २००१ नंतर ते १७ वर गेले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना हा आकडा ऐकवणं सोपं नाही, मला माहीत आहे. पिंजरा मागणाऱ्याचं काही चुकत नाही. धरलेल्यांची बेरीज म्हणजे उरलेल्यांचा हिशोब, एवढंच चुकतं.

(श्रोत्यांतून : मग सरकारचा आकडा?)

२०२२ च्या पाहणीत महाराष्ट्रात १,९८५ आले. पण ती पाहणी मुख्यतः जंगलातली. तुमचा ऊस त्यात नाही.

म्हणून आजोबांना मी आकडा दिला नाही. उलट एक काम सांगितलं. ऊसतोडीत दरसाल बछडी सापडतात, ती किती हे सगळे सांगतात. किती एकर तोडल्यावर सापडली, तेही वहीत लिहा. पिंजरा किती रात्री लावला होता, रिकामा किती रात्री राहिला, तेही. आजोबा म्हणाले, "रिकाम्या रात्री कोण लिहितंय?" इनामाच्या कचेरीतही त्या कुणी लिहिल्या नव्हत्या.