बुलढाण्यातला समुद्र

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग माझ्या टेबलावर सी अर्चिनचा जीवाश्म काय करतोय, असं परवा मामेभावाने फोनवर विचारलं. उत्तर जरा लांबलं, म्हणून इथेच लिहितोय.

सी अर्चिन म्हणजे समुद्रतळाशी राहणारा काटेरी जीव. मेल्यावर काटे गळतात आणि कवच उरतं. त्यावर बारीक ठिपक्यांची पाच पाकळ्यांची नक्षी असते. त्या नक्षीपायी संग्राहक असे दगड पैसे मोजून घेतात. मीही त्यातलाच.

आमच्याकडे खणून मात्र हा मिळायचा नाही. आपला काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. लोणारचं विवरसुद्धा त्याच कातळात, उल्का आदळून झालेलं. जमिनीवर पसरून थिजलेल्या लाव्ह्यात समुद्राचे जीव कुठून येणार?

पण पूर्णा, तापी, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून वायव्येला मध्य प्रदेशातल्या बाघ गावी गेलं, की चित्र पालटतं. तिथे लाव्ह्याच्या खालचे चुनखडीचे थर उघडे पडलेत. नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, त्याचा हा गाळ. त्यात सी अर्चिन सापडतात.

पीटर मार्टिन डंकन यांनी १८६५ साली लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं. गंमत म्हणजे त्याच लेखात अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरचे सी अर्चिनही होते. बाघचे जीव त्या बाजूच्या जीवांना जवळचे, आणि तमिळ मुलुखातल्या त्रिचनापल्लीकडच्या जीवांहून वेगळे निघाले. त्यावरून भूशास्त्रज्ञांनी ताडलं, की दोन समुद्रांच्या मध्ये जमीन आडवी होती. मूठभर दगडांवरून केवढा नकाशा!

हे जमलं, कारण कुठला दगड कुठे मिळाला याची नोंद होती. माझ्या नमुन्यासोबत विक्रेत्याने नुसतं 'जीवाश्म' लिहिलेली चिठ्ठी दिली. गाव नाही, थर नाही. पाकळ्या सुरेख आहेत, पण हा दगड मुका आहे. कुठल्या समुद्राचा, ते तो सांगू शकत नाही.

आता आपल्या देवघराकडे बघा. शाळिग्रामांत अनेकदा अमोनाइट असतो. हिमालय उभा राहण्याआधीच्या समुद्रातला हा शंखासारखा जीव. नेपाळातल्या गंडकीतून निघून तो विदर्भातल्या कोनाड्यात येऊन बसला. काळ्या कातळाच्या आमच्या जिल्ह्यात समुद्र आला तो असा, माणसांच्या हातून.

म्हणून नातेवाईक मंडळींना एकच सांगणं. तुमच्याकडचा शाळिग्राम कोणी आणला, कुठल्या यात्रेत, कुठल्या साली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि कागदावर उतरवून ठेवा. दगड कोट्यवधी वर्षं टिकलाय, तो टिकेलच. सांगणारी माणसं मात्र फार काळ थांबत नाहीत.