न दुखणारें पाऊल

मुंबईंत वडाळ्यास ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० सालीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकारानें निराधार महारोग्यांसाठीं तें स्थापन झालें. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे ॲक्वर्थसाहेब ते हेच. एखादी नवी संवय अंगीं बाणवूं पाहणाऱ्या माणसानें या रोगाचा इतिहास अवश्य पाहावा. संवय मोडते ती बहुधा आळसानें, असें आपण समजतों. पण 'आतां आपल्याला जमलें' या खात्रीनें ती किती वेळां मोडते, हें या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

पहिली खात्री होती समाजाची. रोगी दृष्टीआड केला कीं काम झालें, अशी ती समजूत. १८७३ सालीं नॉर्वेंत हॅन्सन यांनीं या रोगाचा जंतु शोधून काढला होता. परंतु गुणकारी औषध नव्हतें. १८९८ च्या कायद्यानें तर निर्धन रोग्यांस पकडून आश्रमांत ठेवण्याची मुभा दिली. पुढें औषधें निघालीं, रोगी बरे होऊं लागले, तरी तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें!

दुसरी खात्री वैद्यकाची. डॅप्सोन ही स्वस्त व गुणकारी गोळी हातीं आली आणि अनेक वर्षें सारी भिस्त तिच्या एकटीवर राहिली. १९६४ सालीं मलेशियांतील रोग्यांवरून सिद्ध झालें कीं, जंतु तिला दाद देईनासे झाले आहेत. येथें मात्र वैद्यकानें हट्ट धरला नाहीं. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं डॅप्सोनला रिफाम्पिसीन व क्लोफाझिमीन यांची जोड देण्याची शिफारस केली. या संयुक्त उपचारानें आज सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो.

तिसरी खात्री खुद्द रोग्याची, आणि तीच आपल्या घरच्या अनुभवास सर्वांत जवळची. जंतु मेले तरी एकदां पुरती निकामी झालेली मज्जा बहुधा पूर्ववत् होत नाहीं. डॉ. पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य १९४६ पासून वेल्लोर येथें काम करीत होते. एकदां कोठाराचें गंजलेलें कुलूप त्यांच्या हातून उघडेना. एका रोगी मुलानें पुढें होऊन किल्ली झटक्यांत फिरविली. त्याच्या बळाचें नवल करीत डॉक्टरांनीं हात पाहिला, तों बोट हाडापर्यंत कापलेलें. आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता! अशा अनुभवांतून ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें आपोआप झडत नाहींत. वेदनेची राखण गेल्यामुळें नकळत इजा होतात, चिघळतात, आणि त्यांपायीं बोटें जातात.

मग उपाय काय? संवय! रोज पाय न्याहाळावे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. वीसएक मिनिटें ते साध्या पाण्यांत भिजवावे, निबर कातडी खरखरीत दगडानें हलकेच घासावी, आणि त्वचा ओली असतांनाच तेल लावावें. मऊ रबराची चप्पल घालावी. घालण्यापूर्वीं आंत खडा किंवा खिळा नाहीं ना, हें पाहावें. एवढेंच. पण 'दुखत नाहीं, मग आज कशाला पाहावें?' हा विचार रोज आडवा येतो. महिनाभर जखम झाली नाहीं, तर तो अधिकच बळावतो. वास्तविक ज्या पावलास दुखत नाहीं, त्याचीच पाहणी अधिक अगत्याची.

तथापि या नेमांतही हटवादीपणा चालत नाहीं. पायावर लाली किंवा ऊब आढळली, तर 'रोज एवढें चालणारच' हा बाणा सोडून पायास विसांवा द्यावा लागतो. हातही बधिर असतील तर ऊब कळत नाहीं. मग घरच्या माणसास पाहावयास सांगावें लागतें. हेतु तोच राहतो. रीत दिवसागणिक बदलते.

आपणही पहाटे उठण्याचा, व्यायामाचा किंवा हिशेब लिहिण्याचा नेम धरतों. आठ-पंधरा दिवस तो सुरळीत चालला कीं त्याच्याकडे पाहणें सोडतों. आणि पाहुणे आले, पाऊस लागला, एक दिवस चुकला, कीं सगळाच नेम टाकून देतों. दोन्हींच्या मुळाशीं चूक एकच. नेम एकदां लागला कीं तो आपला आपण चालेल, असें आपण गृहीत धरलेलें असतें. त्यापेक्षां दिवसाकांठीं एकदां त्या नेमाकडे पाहावें, कोठें घासतें आहे तें शोधावें, आणि तेवढी चाल बदलावी. बधिर पावलांच्या माणसांना ही गोष्ट मोठी किंमत देऊन कळली. आपल्याला ती केवळ ऐकून घ्यावयाची आहे.